बीम, बिम आणि चार सळया

आरसीसी कन्सल्टंटच्या ऑफिसात 'बीम' हा शब्द दिवसातून शंभरदा तरी ऐकू येतो. त्यामुळे 'आता आपल्याकडे बिम आणायला हवं' असं मी पहिल्यांदा म्हणालो, तेव्हा आमचे ड्राफ्ट्समन काका मान वर न करता म्हणाले, "कुठल्या ग्रिडवर?" ऱ्हस्व-दीर्घाचा हा घोळ आमच्याकडे वर्षभर पुरला. शेवटी सगळ्यांनी 'मॉडेल' म्हणायचं ठरवलं आणि काम पुढे सरकलं.

बिम म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, या तीन शब्दांची आद्याक्षरं. संगणकावर इमारत रेषांनी काढायची नाही, वस्तूंनी बांधायची, एवढा त्याचा गाभा. ऑटोकॅडमध्ये आपण कॉलम काढतो तेव्हा खरं तर चार रेषांचा चौकोन काढतो. तो कॉलम आहे हे आपल्याला ठाऊक असतं, संगणकाला नसतं. मॉडेलमध्ये तो कॉलमच असतो. तो कुठल्या मजल्यापासून कुठल्या मजल्यापर्यंत जातो, काँक्रीट कुठल्या ग्रेडचं, त्याला कुठला बीम येऊन मिळतो, हे सगळं त्याच्यासोबत असतं. प्लॅन, सेक्शन, एलेव्हेशन या त्याच एका इमारतीकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहिल्यावर दिसणाऱ्या गोष्टी. कॉलम प्लॅनमध्ये सरकवला की सेक्शनमध्येही सरकतो, कारण तो मुळात एकच आहे.

ही कल्पना नवी नाही. चार्ल्स ईस्टमन हे अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात शिकवत असताना त्यांनी १९७५ साली नेमकं हेच मांडलं होतं. एकच दार प्लॅनमध्ये काढायचं, सेक्शनमध्ये काढायचं, एलेव्हेशनमध्ये परत काढायचं, आणि दार हललं की तिन्ही ठिकाणी खोडायचं, या उद्योगाला ते कंटाळले होते. ड्रॉइंगच्या जागी इमारतीचं वर्णनच संगणकात साठवा आणि ड्रॉइंग त्यातून काढून घ्या, असं त्यांचं म्हणणं. पुढे १९८२ साली बुडापेस्टमध्ये ग्राफिसॉफ्ट नावाची इवलीशी कंपनी निघाली. तिचं सुरुवातीचं मोठं काम होतं पाक्श इथल्या अणुवीज केंद्रातल्या पाइपांच्या जाळ्याचं त्रिमितीय मॉडेल. कम्युनिस्ट राजवटीतल्या हंगेरीत, संगणकच दुर्मीळ होते अशा काळात, मूठभर माणसांनी हे केलं. 'आपण लहान, आपल्याला कसं जमायचं?' असं कुणी म्हणालं की मला हे पाइप आठवतात. याच कंपनीचं आर्किकॅड आजही जगभर वापरलं जातं. आपल्याकडे ज्याचं नाव जास्त ऐकू येतं ते रेव्हिट २००० साली आलं आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कने विकत घेतलं.

इतिहास इथेच थांबवतो, कारण आमच्या ऑफिसात हे सगळं इतिहासामुळे आलं नाही. ते आलं चार सळयांमुळे.

हिशेब साधा आहे, कागद घेऊन बसलात तर पाच मिनिटांचा. ३०० मिमी रुंदीचा कॉलम. त्यात येणारा २३० मिमी रुंदीचा बीम, बाहेरच्या बाजूने कॉलमशी सपाट, कारण बाहेर गिलाव्यात खाच नको असते. बीमला ३० मिमी कव्हर आणि ८ मिमीची रिंग. म्हणजे रिंगच्या आत १५४ मिमी जागा उरते. तिथे १६ मिमीच्या चार सळया बसतात का? सळयांचे ६४ मिमी. दोन सळयांमधली फट किती हवी, हे आयएस ४५६ सांगतं: सळईच्या व्यासाइतकी किंवा खडीच्या आकारापेक्षा ५ मिमी जास्त, यातलं जे मोठं असेल ते. २० मिमी खडी म्हणजे फट २५ मिमी. तीन फटींचे ७५. एकूण १३९. बसतात. सेक्शन काढला, चार ठिपके दिले, '४-१६' लिहिलं, ड्रॉइंग गेलं.

आता हाच बीम कॉलममध्ये शिरतो तिथे पाहा. कॉलमचं कव्हर ४० मिमी, रिंग ८, म्हणजे कॉलमची २० मिमीची सळई बाहेरच्या कडेपासून ४८ ते ६८ मिमी या पट्ट्यात उभी. बीमची कडेची सळई ३८ ते ५४ या पट्ट्यात. दोघी एकाच जागेवर हक्क सांगतात. कॉलमची सळई हलणार नाही, म्हणून बीमची सळई आत वाकवून तिच्या पलीकडे न्यावी लागते. तसं केलं की चार सळयांना जागा उरते ६८ पासून १९२ पर्यंत, म्हणजे १२४ मिमी. हव्यात १३९.

बीममध्ये चारही सळया कोडप्रमाणे बसतात, कॉलममध्ये बसत नाहीत. ड्रॉइंग दोन्ही ठिकाणी गप्प राहतं, कारण बीमचा सेक्शन बीमच्या पानावर आणि कॉलमचा कॉलमच्या. दोघांची भेट फक्त साइटवर होते. तिथे फिटर सळया एकमेकींना चिकटवतो किंवा एखादी खाली ढकलतो, काँक्रीट ओतलं जातं, आणि खडी त्या फटीतून खाली उतरते की नाही हे कुणी पाहत नाही. भूकंपात सगळ्यात जास्त ताण याच जोडावर येतो.

आमच्याकडे नव्याने आलेल्या इंजिनिअर मुलीने हौसेने एका जोडाच्या सगळ्या सळया मॉडेलमध्ये घातल्या, तेव्हा हे स्क्रीनवर दिसलं. उपायही लगेच दिसला. चार १६ च्या ऐवजी तीन २० घेतल्या तर क्षेत्रफळ ८०४ वरून ९४२ चौरस मिमी होतं, स्टील थोडं वाढतं, पण रुंदी लागते ११० मिमी. बसतं. निर्णय अर्ध्या तासाचा. हा अर्धा तास आम्ही आमची सगळी वर्षं साइटवरच्या फिटरच्या गळ्यात घातला होता.

लहान ऑफिसात मॉडेलिंगला होणारा खरा विरोध इथून येतो, असं माझं मत आहे. सॉफ्टवेअर महाग, शिकायला वेळ नाही, कॉम्प्युटर जुने, ही कारणं खरीच आहेत. पण त्यांच्यापेक्षा मोठं कारण असं की कागदावर न ठरवलेलं न ठरवलेलंच ठेवता येतं. जिन्याच्या लँडिंगच्या बीमची लेव्हल नक्की नाही? प्लॅनमध्ये तुटक रेष द्या, सेक्शन नंतर पाठवू म्हणा. मॉडेलमध्ये तो बीम कुठल्या तरी उंचीवर ठेवावाच लागतो. 'साइटवर बघून घेऊ' हा आमच्या धंद्यातला सगळ्यात उपयोगी वाक्प्रचार, आणि मॉडेलमध्ये त्यासाठी बटण नाही.

यात आणखी एक गोष्ट गुंतलेली आहे, ती पैशाची. आपल्याकडे आरसीसी कन्सल्टंटची फी चौरस फुटावर ठरते आणि हप्ते बहुतेक ठिकाणी कामाच्या टप्प्यांवर: फुटिंग, प्लिंथ, मग एकेक स्लॅब. ड्रॉइंगही तशीच जातात. खड्ड्यात जेसीबी उतरलेला असतो तेव्हा बिल्डरला फक्त फुटिंगचं ड्रॉइंग हवं असतं. चौथ्या मजल्यावरची टॉयलेटं कुठे हे आर्किटेक्टनेही ठरवलेलं नसतं. मॉडेल मात्र पहिल्याच आठवड्यात सगळी इमारत मागतं. मजल्याची उंची किती, लिफ्ट कुठल्या मापाची, संकन स्लॅब कुठे, पाण्याची टाकी किती लिटरची. पॅट्रिक मॅक्लीमी या अमेरिकन आर्किटेक्टने दोन हजारच्या दशकात एक आलेख काढला होता, तो या विषयावरच्या प्रत्येक व्याख्यानात दाखवतात: मॉडेलमुळे कष्टाचा डोंगर उजवीकडून डावीकडे, म्हणजे शेवटच्या ड्रॉइंगांकडून सुरुवातीच्या विचाराकडे सरकतो, आणि तिथे बदल करणं स्वस्त असतं. आलेख पटतो. पण त्या डोंगराखाली फीचे हप्ते कुठे येतात ते मॅक्लीमींनी काढलेलं नाही. स्लॅबगणिक पैसे घेणाऱ्या ऑफिसाने पहिल्या महिन्यातच निम्मं काम केलं तर पगार कशातून द्यायचे?

आम्ही सॉफ्टवेअर घेण्याआधी करारपत्र बदललं, आणि क्रम हाच असावा असं मी कुणालाही सांगेन. फी वाढवली नाही, तेवढी हिंमत नव्हती. शेवटच्या स्लॅबांच्या हप्त्यातला काही भाग 'मॉडेल पूर्ण, लेव्हल पक्क्या' या टप्प्यावर आणला. दोन बिल्डरांनी नाही म्हटलं, त्यांची कामं जुन्याच पद्धतीने केली. ज्यांनी हो म्हटलं त्यांना मॉडेलचं कौतुक होतं असं नाही. स्टीलचा आकडा आधी कळेल, एवढ्यावर ते राजी झाले.

बाहेरून सक्ती असती तर हे सोपं गेलं असतं. ब्रिटनमध्ये केंद्र सरकारच्या कामांना एप्रिल २०१६ पासून बिम बंधनकारक झालं आणि मोठ्या कंपन्यांमागे लहानही ओढल्या गेल्या. सिंगापूरमध्ये २०१५ पासून ५००० चौरस मीटरहून मोठ्या नव्या इमारतींची मंजुरीच मॉडेलवर मागितली जाऊ लागली. आपल्याकडे नागपूर मेट्रोने वेळ आणि खर्च मॉडेलला जोडून काम केलं, पण ते महाकाय काम. जिल्ह्याच्या गावातल्या सात मजली इमारतीला नगरपालिका मॉडेल मागत नाही. पुण्याच्या सॉफ्टटेक कंपनीचं ऑटोडीसीआर राज्यातल्या बऱ्याच महापालिकांत नकाशे तपासतं, तेही ठरलेल्या लेअरवर काढलेलं द्विमितीय ड्रॉइंग वाचतं. म्हणजे मॉडेल केलं तरी मंजुरीसाठी रेषा निराळ्या काढायच्याच. सक्ती नाही, मागणी नाही. करायचं तर आपल्या गरजेपोटी.

मग सुरुवात कुठून? आम्ही एक पूर्ण झालेली इमारत घेतली, जिची ड्रॉइंग कपाटात होती आणि जिच्यात माणसं राहायला गेली होती. घाई नाही, बिल्डरचा फोन नाही. ती मॉडेलमध्ये परत बांधली. त्यात निघालेल्या चुका आमच्या आम्हालाच लाजवणाऱ्या होत्या. मधल्या लँडिंगचा बीम प्लॅनमधल्या लेव्हलप्रमाणे एका ठिकाणी आणि जिन्याच्या सेक्शनप्रमाणे १५० मिमी वर. एका पायरीचा फरक. प्रत्यक्षात जिना नीट उभा होता, कारण गवंड्याने आमची दोन्ही ड्रॉइंग बाजूला ठेवून पायऱ्या मोजल्या होत्या.

पहिले दोन महिने ड्रॉइंग कॅडपेक्षा हळू निघतात, हे धरूनच चालावं. मॉडेल भराभर तयार होतं, पण त्यातून निघालेलं पान आपल्या पानासारखं दिसत नाही. रेषांची जाडी वेगळी, अक्षर वेगळं, बीमचे नंबर भलतीकडे, माप देण्याची पद्धत परदेशी. साइटवरचा फिटर आमचं ड्रॉइंग वाचतो ते सवयीने. ती सवय मोडली तर चूक त्याची होणार नाही. त्यामुळे ऑफिसचा साचा, ज्याला टेम्प्लेट म्हणतात, तो बसवण्यात जेवढा वेळ घालवाल तेवढा कमीच. हे काम नव्या मुलीला एकटीला दिलं असतं तर फसलं असतं. तिला सॉफ्टवेअर येत होतं, पण सळयांचा जोड कुठे द्यायचा नाही हे माहीत नव्हतं. काकांना ते झोपेतही माहीत होतं, पण माउस फिरवून इमारत गोल गोल फिरली की त्यांना गरगरायचं. दोघांना एका टेबलावर बसवलं. ती विचारायची, "काका, हे इथे असं का?" ते म्हणायचे, "अगं, तसं नाही केलं तर शटरिंगवाला ओरडतो." काकांनी रेव्हिट आजही पुरतं शिकलेलं नाही. पण स्क्रीनवरचा जोड पाहून 'हे बांधता येणार नाही' असं सांगणारा ऑफिसात दुसरा कुणी नाही.

किती खोल जायचं, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात गळ्याशी येतो. मॉडेलच्या तपशिलाला १०० ते ५०० असे टप्पे आहेत. १०० म्हणजे नुसता ठोकळा, ४०० म्हणजे वर्कशॉपमध्ये बनवता येईल इतका बारकावा, आणि ५०० म्हणजे प्रत्यक्ष बांधलेलं तपासून नोंदलेलं. नव्याने शिकलेल्या माणसाला सगळं ४०० ला न्यायची हाव सुटते. इंटरनेटवरून उतरवलेला खिडकीचा तुकडा, त्यात बिजागरीचे स्क्रूसुद्धा, आणि अशा दोनशे खिडक्या. फाइल जागची हलत नाही. आम्ही कॉलम, बीम, स्लॅब, जिने आणि स्लॅबमधली भोकं एवढंच मॉडेल करतो. सळया फक्त अडचणीच्या जोडांत. बाकीचं बार बेंडिंग शेड्यूल अजून एक्सेलमध्ये, व्यासाचा वर्ग भागिले १६२ या आपल्या सगळ्यांच्या लाडक्या सूत्राने. शुद्धतावाद्यांना हे रुचणार नाही. माझा त्यांना नमस्कार.

ईटॅब्ज किंवा स्टॅडमधलं विश्लेषणाचं मॉडेल आणि हे मॉडेल एकमेकांना जोडता येतं, असं विक्रेते सांगतात. येतं. पण विश्लेषणात बीम ही एक रेष असते आणि ती कॉलमच्या मध्याला मिळते. प्रत्यक्षात बीम कडेला सरकलेला असतो. जोडणी केली की एकाची मधली रेष दुसऱ्याची कडा बिघडवते. लहान ऑफिसाने निदान पहिलं वर्ष दोन मॉडेल वेगळी ठेवावीत आणि मापं माणसाने जुळवून पाहावीत.

काँक्रीटचा आकडा बटण दाबून येतो, हे मॉडेलचं सगळ्यात मोठं आमिष, आणि इथेच आम्ही पहिल्यांदा तोंडघशी पडलो. २३० बाय ६०० चा बीम पूर्ण खोलीचा काढला, वरून १२५ ची स्लॅब घातली, दोघांना एकमेकांत नीट जोडलं नाही. संगणकाने बीमच्या माथ्यावरचं काँक्रीट दोनदा मोजलं. मीटरला ०.०२९ घनमीटर, दिसायला काहीच नाही. पण शंभर मीटर बीमला ते २.९ घनमीटरच्या आसपास जातं, म्हणजे सरळ एक ब्रास. आमचा आकडा मुकादमाच्या वहीशी जुळेना, आणि बरोबर होती ती वही.

सॉफ्टवेअरविषयी थोडक्यात. मोठ्या कंपन्यांनी कायमचा परवाना विकणं जवळपास बंद केलं आहे. ऑटोडेस्कने ते २०१६ मध्ये केलं. आता वर्षाचं भाडं. काम असो नसो, भाडं सुरू, म्हणून सगळ्या टेबलांवर ते न घेता आम्ही दोन जागी घेतलं. चोरीची प्रत वापरण्याची आपल्या धंद्यातली जुनी खोड इथे उलटते, कारण मॉडेल दुसऱ्या ऑफिसला द्यायचं असतं. शिवाय रेव्हिटमध्ये नव्या आवृत्तीत उघडून जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. आर्किटेक्टने सहज अपडेट केलं की आपण दाराबाहेर. काम सुरू होण्याआधी आवृत्ती कुठली हे लिहून घेणं फीइतकंच महत्त्वाचं. आयएफसी नावाचा सामाईक साचा आहे, २०१३ पासून आयएसओचं मानक. त्यात फाइल कुठल्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेता येते, भाषांतरात जेवढी गळती व्हायची तेवढी होऊन. फ्रीकॅडसारखी फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअरं हा साचा उघडतात. बिल्डरला किंवा प्लंबिंगवाल्याला नुसतं पाहायचं असेल तर तेवढं पुरतं.

प्लंबिंगवाल्याचं नाव निघालंच आहे तर एक सांगतो. इस्पितळाच्या इमारतीचंच उदाहरण घ्या, तिथे टॉयलेटं जागोजागी. ११० मिमीचा पाइप सहा मीटर लांब न्यायचा, साठात एक उतार, म्हणजे टोकाला तो १०० मिमी खाली येतो. वाटेत ६०० मिमी खोल बीम आणि त्याखाली एसीचा डक्ट. हे कागदावर कुणाच्याच पानात एकत्र दिसत नाही. मग स्लॅब झाल्यावर प्लंबर कोअर कटिंगचं मशीन घेऊन येतो आणि बीमला भोक पाडतो, सळईसकट. मॉडेलमध्ये टक्कर शोधायची सोय असते, पण तिच्या यादीने घाबरू नये. पाइप भिंतीतून गेला, टक्कर. तो जायलाच हवा होता. यादीत अशा निरुपयोगी ओळी शेकड्यांनी येतात. आम्ही एकच प्रश्न विचारतो: बीम आणि कॉलमला काय लागतंय? जे लागेल तिथे एक तर पाइप वळतो, नाही तर बीममध्ये मधोमध स्लीव्ह ठेवतो आणि भोवती जादा रिंगा देतो. ते काँक्रीट ओतायच्या आधी ठरतं.

साइटवर अजून कागदच जातो. क्युरिंगच्या पाण्याने भिजलेला, सिमेंटच्या बोटांचे ठसे असलेला, विटेखाली दाबून ठेवलेला. फरक एवढाच की अडचणीच्या जोडाचं त्रिमितीय चित्र आता त्याच पानावर कोपऱ्यात छापतो. पहिल्यांदा असं पान पाठवलं ते तिसऱ्या दिवशी परत आलं. फिटरने चित्रावर पेन्सिलने बाण काढला होता: जोडाच्या आतल्या कॉलमच्या तीन रिंगा. बाजूला लिहिलं होतं, 'बीमच्या सळया ओवल्यावर या आत जात नाहीत. आधी सोडाव्या लागतात.' काकांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पान पलीकडच्या टेबलावर सरकवलं. "हे त्या तुझ्या मॉडेलात घाल," ते तिला म्हणाले, "क्रमासकट."